भिंतीच्या पोटातली धुराडी : पुण्यातील एका जुन्या विज्ञान इमारतीच्या ओलीचे प्रकरण

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करताना आमच्याकडे आलेले हे प्रकरण पुण्यातील एका महाविद्यालयाच्या जुन्या विज्ञान इमारतीचे आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आधीच्या तीन दुरुस्त्यांत ज्यांचा हात होता ती माणसे याच शहरात काम करतात आणि चुका त्यांच्या एकट्यांच्या नव्हत्या. एक ठळक चूक माझीही होती. ती ओघात येईलच.

तक्रार

इमारतीच्या तळमजल्यावर पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा आहे. तिच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून उपकरणांची सागवानी कपाटे उभी असत आणि त्या कपाटांमागची भिंत दरवर्षी ओली होई. आरशांचा मुलामा काळवंडे, तराजूंच्या दांड्यांवर डाग पडत, लाकडी पेट्यांच्या मखमली अस्तराला बुरशी येई. गिलावा आधी फुगे, मग पोपडे धरून गळून पडे आणि उघड्या जागी पांढराशुभ्र लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार, फुटे. विभागप्रमुखांनी संस्थेला लिहिलेल्या पत्रात एक वाक्य होते, जे आमच्या हाती येईपर्यंत कोणी गांभीर्याने घेतले नव्हते: जुलै-ऑगस्टमध्ये भिंत बरी असते, दसऱ्यानंतर बिघडते आणि दिवाळीत सर्वांत वाईट दिसते.

आमच्याआधी तीनदा उपाय झाले होते. पहिल्या वेळी ओल जमिनीतून चढते असे ठरवून जोत्याच्या वर ओळीने भोके पाडली, त्यांत जलरोधक रसायन भरले आणि आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. पुढल्या वर्षी चार फुटांच्या वरचा गिलावा गळू लागला. दुसऱ्या वेळी पश्चिमेचा पाऊस भिंतीत मुरतो असा निष्कर्ष निघाला आणि बाहेरून दगडांमधल्या सगळ्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरण्यात आल्या. तिसऱ्या वेळी छपराची मंगलोरी कौले उतरवून पुन्हा लावली आणि कठड्यामागच्या पन्हळीला नवा पत्रा घातला. तिन्ही उपायांमागे तर्क होता. पुण्यात पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, जुन्या भिंतींच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, कौलारू छप्पर गळते. हे सगळे खरेच आहे. तरीही तिसऱ्या दुरुस्तीनंतरच्या दिवाळीत कपाटे पुन्हा भिंतीपासून ओढून प्रयोगशाळेच्या मध्यभागी आणावी लागली, आणि मग संस्थेने आम्हाला बोलावले.

इमारत

इमारत दुमजली, काळ्या दगडाची आहे. हा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. भिंत सव्वादोन फूट जाड असली तरी ती अखंड दगडाची नाही. बाहेरून घडीव दगडांचा एक थर, आतून ओबडधोबड दगडांचा दुसरा आणि मधल्या पोटात चुन्यात घोळलेल्या लहानमोठ्या दगडांची भर, अशी तिची रचना आहे. बांधकाम सारे चुन्याचे. भारतात पोर्टलँड सिमेंट नियमित बनू लागले ते पोरबंदरच्या कारखान्यात, १९१४ पासून. त्याआधी ते विलायतेहून येई आणि सव्वादोन फुटी भिंतींचे पोट भरण्याइतके ते स्वस्त नव्हते.

पुण्यात विज्ञानासाठी दगडी वास्तू बांधण्याची परंपरा या इमारतीपेक्षा जुनी आहे. सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी घडवण्याकरिता १८५४ साली जी अभियांत्रिकीची शाळा निघाली, तिच्या मुख्य इमारतीची कोनशिला मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी ५ ऑगस्ट १८६५ रोजी बसवली, डब्ल्यू. एस. हॉवर्ड यांच्या आराखड्यानुसार ती १८६८ मध्ये पुरी झाली, आणि पुढे वनविद्या व शेतकीचे वर्गही तेथे आल्यावर काही दशके ती संस्था ‘कॉलेज ऑफ सायन्स’ या नावाने ओळखली गेली. १९११ साली त्याचे ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ झाले. तेथील प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर जो ग्रंथ सिद्ध केला त्याचा आधार अभ्यासक आजही घेतात. त्याच सुमारास येरवड्याला डेक्कन कॉलेज उभे राहत होते, आणि गणेशखिंडीत जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्याचे गव्हर्नरांचे निवासस्थान, जेथे १९४९ साली पुणे विद्यापीठ आले. या वास्तूंविषयी आपण बोलतो तेव्हा बोलणे बहुधा टोकदार कमानी, मनोरे आणि दगडी नक्षी यांपाशी थांबते. विज्ञान शिकवण्याच्या इमारतीला मात्र आणखी चार गोष्टींचा बंदोबस्त करावा लागे: उजेड, कंप, हवा आणि वास.

आमच्या इमारतीत हा बंदोबस्त अजून वाचता येतो. व्याख्यानाची गॅलरी पायऱ्यापायऱ्यांची, लाकडी बाकांची आहे आणि तिच्या खिडक्यांना आतून जाड फळ्यांची दारे आहेत. प्रकाशाचा प्रयोग दाखवायचा झाला की भर दुपारी अंधार करता यावा यासाठी. खालच्या प्रयोगशाळेत फरशीतून वर आलेले, कमरेएवढ्या उंचीचे दोन दगडी खांब आहेत. त्यांच्याभोवती फरशीत बोटभर फट सोडलेली होती, कारण ते फरशीवर उभे नाहीत, त्यांचा पाया स्वतंत्रपणे खाली मुरमात गेलेला आहे. शेजारून कोणी चालत गेले तरी आरशाच्या गॅल्व्हानोमीटरचा (सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणाऱ्या उपकरणाचा) प्रकाशाचा ठिपका हलू नये, अशी ती योजना. आम्ही गेलो तेव्हा एका खांबावर मनी प्लँटची कुंडी होती, दुसऱ्यावर हजेरीपट, आणि फट सिमेंटने बुजवलेली होती. खांबांचा ओलीशी काही संबंध नाही. तरी त्यांचा उल्लेख करतो, कारण एखादी गोष्ट कशासाठी केली आहे हे या इमारतीत कसे विसरले गेले आहे याची ती पहिली खूण होती, आणि ती डोळ्यांसमोर असूनही मी पुरेशी मनावर घेतली नाही.

वासाचा प्रश्न सर्वांत अवघड. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विज्ञानाच्या अध्यापनासाठी संग्रहालयाची मोठी इमारत बांधली आणि ती १८६० साली उघडली, तेव्हा रसायनशाळा मुख्य इमारतीतून बाहेर काढून तिला ग्लॅस्टनबरीच्या मठातल्या जुन्या मुदपाकखान्याचा घाट दिला. धूर आणि आग हे दोन्ही स्वयंपाकघराचेच धर्म, त्यामुळे तो घाट तिला शोभलाही. आपल्याकडच्या संस्थांना अशी स्वतंत्र वास्तू परवडणे कठीण होते. येथे रसायनशास्त्र वरच्या मजल्यावर ठेवले होते. गरम वायू वर जातात, धुराडे आखूड लागते आणि खालच्या वर्गाला उपद्रव होत नाही. क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात किपच्या, म्हणजे वायू तयार करण्याच्या, उपकरणातून सुटलेला सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड ज्याने हुंगला आहे, त्याला या योजनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रसायनशास्त्र विभाग काही दशकांपूर्वी आवारातल्या नव्या इमारतीत गेला. जुन्या दालनात आता संगणक कक्ष आहे. वर फॉल्स सीलिंग, वातानुकूलनासाठी कायमच्या बंद केलेल्या खिडक्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत प्लायवूड, असे आम्ही पाहिले तेव्हाचे त्याचे रूप होते.

निदान

जमिनीतून ओल चढते तेव्हा भिंतीवर आडवी, लाटेसारखी कड उमटते आणि ओल खाली जास्त, वर कमी असते. येथे कपाटे हलवल्यावर दिसले ते तीन उभे पट्टे, प्रत्येकी हातभर रुंद आणि वर, छताच्या तुळयांपाशी, अधिक ओले. पूर्वी गिलावा खालून गळत आला म्हणून ओलही खालूनच येते असे सर्वांनी धरले होते. कपाटांची उंची साडेसहा फूट होती, तिच्या वरची भिंत काळोखी आणि धुळकट होती आणि शिडी लावून ती कोणी पाहिली नव्हती. आम्ही भिंतीवर खडूने फूटभर अंतराचे चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात ओलमापक लावून नोंद घेतली. लोणा लागलेल्या भिंतीत या यंत्राचा आकडा फसवा असतो, कारण क्षारांमुळे विद्युतवहन वाढते आणि भिंत असते त्याहून ओली भासते. म्हणून आकड्यांवर विसंबलो नाही, त्यांतून उमटणाऱ्या आकृतीवर विसंबलो. आणि आकृती निःसंशय तीन उभ्या पट्ट्यांची होती. मात्र पट्ट्यांमधली अंतरे सारखी नव्हती. दक्षिणेकडचे दोन शेजारी होते, तिसरा बराच उत्तरेला.

या असमान अंतराने आम्हाला महिनाभर फिरवले. अंतरे सारखी असती तर भिंतीच्या रचनेत काही तरी दडले आहे असे लगेच सुचले असते. ती तशी नसल्यामुळे आम्ही एखादी गळकी नळवाहिनी शोधत राहिलो, वरच्या मजल्याचा पाणीपुरवठा आठवडाभर बंद ठेवला, वातानुकूलन यंत्रांच्या निचऱ्याच्या नळ्या तपासल्या. भिंतीवर परिणाम शून्य.

उलगडा झाला तो विभागातून निवृत्त झालेल्या प्रयोगशाळा परिचरांमुळे. त्यांना सगळे मामा म्हणतात. नव्या प्रयोगशाळेतल्या कोणाला तरी भेटायला ते आले होते आणि जुन्या दालनात काही तरी खटपट चालली आहे असे ऐकून जिना चढून वर आले. प्लायवूडवर बोटाची पेरे आपटत ते म्हणाले, “साहेब, ह्याच्यामागं पाच कोनाडे आहेत. किप आम्ही तिथंच ठेवायचो. आत गॅसची वात पेटवली की वास सरळ वर ओढला जायचा.”

“वर म्हणजे कुठे, मामा?”

“वर म्हणजे बाहेर. कळसातनं.”

इमारतीच्या कठड्यावर पश्चिमेला पाच आणि पूर्वेला पाच असे दगडी कळस आहेत, खाली चौरस आणि वर कमळाच्या कळीसारखे निमुळते. जुन्या नोंदींत ते शोभेचे म्हणून दाखवलेले आहेत आणि आम्ही केलेल्या मोजणीच्या आराखड्यातही, माझ्याच हस्ताक्षरात, ‘शोभेचे कळस’ असे लिहिलेले आहे. मी पूर्वेच्या बाजूने शिडी लावून दोन कळस जवळून पाहिले होते, ते भरीव होते, आणि पश्चिमेचे तसेच असणार असे गृहीत धरले होते. पूर्वेचे पाच खरोखरच भरीव आहेत. वास्तुविशारदाने पश्चिमेला धुराडी काढली, ती उघडीनागडी दिसू नयेत म्हणून त्यांना कळसांचे रूप दिले आणि मग दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून पूर्वेला नुसती रूपे बसवली. एवढ्या सफाईने केलेली ही जुळणी शे-सव्वाशे वर्षांनी आमची दिशाभूल करील, हे त्याच्या ध्यानीमनी नसणार.

प्लायवूड काढले तेव्हा ओळीने पाच कमानदार कोनाडे निघाले, आतून पांढऱ्या झिलईच्या फरश्या लावलेले. प्रत्येकाच्या माथ्यावर नऊ इंची चौरस भोक होते, विटा आणि सिमेंट ठासून बंद केलेले. दोन कोनाड्यांत गॅसच्या नळीचे पितळी टोक अजून शाबूत होते. ज्योतीच्या उष्णतेने धुराड्यातली हवा हलकी होऊन वर जाते आणि कोनाड्यातला वायू आपल्यामागे ओढून नेते, हे पंख्याशिवाय चालणारे जुने तंत्र येथे वापरले होते. विटा फोडून भोके मोकळी केली. घमेल्यात निखारे घेऊन त्यांवर ऊद टाकला, एकेका कोनाड्यात घमेले ठेवले आणि आमच्यापैकी एक जण वर कठड्यापाशी उभा राहिला. दक्षिणेकडून मोजता तिसऱ्या आणि पाचव्या कळसाच्या टोपीखालच्या खाचांतून धूर नीट बाहेर आला. पहिल्या आणि चौथ्याच्या टोप्याच नव्हत्या; धूर उघड्या तोंडातून सरळ वर गेला. दुसऱ्यातून काहीच आले नाही. टॉर्च खाली धरून पाहता आत कबुतरांची घरटी, पालापाचोळा आणि तुटून अडकलेला टोपीचा दगड दिसला. पहिला, दुसरा आणि चौथा: खालच्या भिंतीवरचे तीन पट्टे नेमके यांच्याच खाली होते. चौथ्या कळसाची टोपी, असे नंतर कळले, एके काळी अँटेनाचा खांब बसवण्यासाठी उतरवली होती.

पाणी किती, याचा हिशेब साधा आहे. पुण्यात वर्षाला ठोकळ मानाने सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर नऊ इंची चौरस तोंडातून वर्षभरात छत्तीस-सदतीस लिटर पाणी सरळ आत पडेल, म्हणजे दोन-अडीच घागरी. पण कळसाचे चौरस बूड दोन फुटांचे आहे आणि टोपी गेल्यावर उरलेला माथा बशीसारखा आतल्या बाजूला उतरता झाला होता, त्यामुळे जवळपास सगळ्या माथ्यावरचे पाणी भोकाकडे वाहत होते. तो हिशेब एका कळसाला अडीचशे लिटरांवर, तिन्हींना मिळून आठशे लिटरांच्या घरात जातो. हे पाणी खाली येऊन विटांच्या बुचावर साचे आणि तेथून भिंतीच्या पोटातल्या चुन्याच्या भरीत शिरे. दुसऱ्या धुराड्यातला पालापाचोळा तर वातीसारखे पाणी धरून ठेवत होता, आणि त्याखालचा पट्टा सर्वांत ओला होता.

मग ओल दिवाळीत का? एक तर सव्वादोन फुटी भिंतीच्या पोटातून पाणी खाली झिरपायला आठवडे लागतात. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण बाष्पीभवनाचे आहे. पावसाळ्यात हवाच दमट असते, भिंतीतून पाणी उडत नाही आणि क्षार पाण्यात विरघळलेलेच राहतात. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी होऊन तापू लागली की भिंतीतले पाणी पृष्ठभागाकडे ओढले जाते, तेथे उडून जाते, आणि मागे राहिलेले क्षार स्फटिक होताना गिलाव्याला आतून ढकलतात. सर्वांना दिसत होती ती ओल नव्हती, ते भिंतीचे सुकणे होते, आणि ते चुकीच्या बाजूने, खोलीच्या आत चालले होते.

आतच का, याचे उत्तर दुसऱ्या दुरुस्तीत आहे. आपला काळा दगड इतका घट्ट असतो की त्यातून पाण्याची वाफ जवळजवळ बाहेर पडत नाही; बेसॉल्टची भिंत श्वास घेते तो दर्जांमधल्या चुन्यातून. बाहेरच्या सगळ्या दर्जा सिमेंटने भरल्यावर पश्चिमेची, उन्हाची, वाऱ्याची बाजू बंद झाली. आतून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा होताच. त्यामुळे भिंतीला सुकायला राहिली ती कपाटांमागची वरची जागा.

भिंतीवरच्या लोण्याच्या क्षारांची तपासणी आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवणार होतो. रसायनशास्त्र विभागाने ती स्वतः करण्याची तयारी दाखवली आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचे एक प्रात्यक्षिकच त्यावर झाले. बेरियम क्लोराइडने पांढरा साका दिला, जो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळला नाही, म्हणजे सल्फेट. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड दाखवले. सल्फेट सिमेंटमधूनही येऊ शकते, म्हणून पट्ट्यांच्या मधल्या कोरड्या भिंतीचेही नमुने घेतले. तेथे सिमेंटच्या दर्जा तितक्याच होत्या, पण दोन्ही क्षार नाममात्र निघाले. धुराड्यांच्या आतल्या चुन्यात मात्र ते भरपूर होते. वर्षानुवर्षे आम्लांच्या वाफा त्या चुन्याने शोषल्या होत्या, आणि आत पडणारा पाऊस आता ते सारे धुऊन खालच्या मजल्यावर आणत होता. रसायनशास्त्राच्या जुन्या प्रात्यक्षिकांचे अवशेष पदार्थविज्ञानाच्या उपकरणांवर उतरत होते, असे एका प्राध्यापकांनी म्हटले, आणि ते अक्षरशः खरे होते.

दुरुस्ती

पावसाळ्याआधी उरलेल्या दिवसांत पाचही कळसांवर जस्ती पत्र्याच्या तात्पुरत्या टोप्या बसवल्या, एवढेच केले. कायमच्या कामासाठी परवानग्या, अंदाजपत्रक आणि निविदा यांत गेलेल्या वेळाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. कामाच्या दरसूचीत चुन्याच्या दर्जांचा दर सहजी सापडत नाही आणि तो समितीला पटवून द्यावा लागतो, हे या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक आहे.

खरा मतभेद धुराड्यांच्या भवितव्यावर झाला. संस्थेच्या अभियंत्यांचे म्हणणे होते की ती काँक्रीटने भरून टाकावीत: पाणी शिरायला जागाच राहणार नाही आणि भिंतीतली पोकळीही जाईल. पोकळीचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यात चांगलाच जाणवला होता आणि दोन थरांची, मध्ये भर असलेली भिंत अशा धक्क्यात फुगून सुटू शकते. आमचे उत्तर असे होते की नऊ इंची धुराडे सव्वादोन फुटी भिंतीला जितके अशक्त करते त्याहून जास्त अशक्त तिला पोटातला धुपलेला चुना करतो, आणि उपाय तेथे व्हायला हवा. मऊ चुन्याच्या भिंतीत काँक्रीटचे पाच कडक स्तंभ उभे केले तर धक्क्यात दोन्हींची हालचाल वेगळी होईल; शिवाय ओतलेले काँक्रीट पुन्हा काढता येत नाही. दोन बैठका यावर गेल्या. अखेर धुराडी मोकळी ठेवण्याचे आणि दुसऱ्या धुराड्याभोवतीच्या पोकळ झालेल्या भरीत पातळ चुन्याचा भरणा हलक्या दाबाने सोडण्याचे ठरले. अभियंत्यांनी त्यासाठी स्वतः आखून दिलेला भोकांचा क्रम, खालून वर आणि एकाआड एक, आमच्या मूळ योजनेपेक्षा चांगला होता.

दर्जांतले सिमेंट छिन्नी-हातोडीने काढले. ग्राइंडरने काम चौपट वेगाने होते, पण चकती दगडाची कड खाते आणि नंतर दर्ज रुंद, भोंगळ दिसते. ठेकेदाराचा यावर विरोध होता, म्हणून भिंतीच्या एका कोपऱ्यात दोन्ही पद्धतींचे हातभर नमुने करून घेतले. ते पाहिल्यावर वाद उरला नाही. एक सोय मात्र अनपेक्षित झाली. सिमेंट दगडाला नीट चिकटलेले नव्हतेच, बऱ्याच ठिकाणी ते पट्टीसारखे अखंड निघाले आणि त्याच्यामागचा चुना अजून ओलसर, पिठासारखा झालेला होता.

नव्या दर्जांसाठी चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) जागेवरच विरवली, महिन्याहून अधिक काळ पाण्याखाली मुरू दिली आणि सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) व वाळू घालून मळली. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. सुरखीतली भाजलेली माती त्याच्याशी संयोग पावते आणि ओलाव्यातही तो धरू लागतो. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालावे की नाही यावर गवंडी आणि आमचे एक तरुण सहकारी यांची बरीच चर्चा झाली. गवंडी वयस्कर, वाईकडचे, वाड्यांच्या कामात हात बसलेले. त्यांच्या आग्रहावरून एका भागात घातले, दुसऱ्यात नाही, आणि दोन्ही भागांची नोंद ठेवली आहे. काम दिवाळीनंतर सुरू करून माघ संपण्याच्या आत उरकले, कारण फाल्गुनातल्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळतो आणि भुगा होतो. तोवर भिंतीवर ओली गोणपाटे टांगलेली असत. ओल घालवण्यासाठी भिंतीवर रोज पाणी मारणारे लोक पाहून विद्यार्थ्यांची करमणूक होई.

आतून सिमेंटचा गिलावा उतरवला. क्षार काढण्यासाठी पट्ट्यांवर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा जाड थर थापला. तो सुकताना भिंतीतले क्षार स्वतःत ओढून घेतो, मग तो सोलून काढायचा आणि नवा लावायचा. प्रत्येक फेरीचा लगदा रसायनशास्त्र विभागात जाई आणि सिल्व्हर नायट्रेटचा साका कितपत दाट येतो ते पाहून पुढची फेरी ठरे. कळसांच्या नव्या टोप्या पाथरवटांनी तिसऱ्या आणि पाचव्या कळसाबरहुकूम घडवल्या, बाजूच्या खाचा ठेवून. फक्त खाचांना आतून तांब्याची जाळी लावली, कबुतरांसाठी.

संगणक कक्षाचा प्रश्न आम्हाला पूर्ण सोडवता आला नाही. धुराडी मोकळी ठेवायची तर कोनाडे उघडे हवेत, आणि कोनाडे उघडे असले की धूळ येते व वातानुकूलन गळते, ही तेथल्या प्राध्यापकांची तक्रार रास्त होती. दालन रिकामे करून वाचनकक्ष करावा ही आमची सूचना मान्य झाली नाही. तडजोड अशी झाली की फॉल्स सीलिंग पश्चिमेच्या बाजूने सहा फूट कापून मागे घेतले, भिंत व संगणक यांच्यामध्ये काचेचे पार्टिशन उभे केले, आणि त्यामागच्या अरुंद बोळात पाचही कोनाडे सागवानी जाळीच्या दारांआड मोकळे राहिले. त्या बाजूच्या दोन खिडक्या आता उघडतात. मामांना ते पाहायला बोलावले होते. त्यांनी पितळी नळीचे टोक रुमालाने पुसले आणि गॅस सोडून दाखवता येईल का, असे विचारले.

सद्यःस्थिती

काम झाल्यानंतरचे दोन पावसाळे गेले आहेत. चौकोनांची नोंद दर महिन्याला विद्यार्थी घेतात. पहिल्या आणि चौथ्या धुराड्याखालचे पट्टे आता आजूबाजूच्या भिंतीपासून वेगळे ओळखू येत नाहीत. दुसऱ्या धुराड्याखालचा पट्टा अरुंद झाला आहे, पण दिवाळीच्या सुमारास तेथे अजून लोण्याची पुसट रेघ उमटते. पोटातले क्षार निघायला वेळ लागणार हे अपेक्षित होते आणि लगद्याची पाचवी फेरी येत्या जानेवारीत घ्यायची आहे. बाहेर, गूळ-हिरडा घातलेल्या आणि न घातलेल्या दर्जांत डोळ्यांना दिसेल असा फरक आजवर पडलेला नाही, हे गवंड्यांना कळवले तेव्हा त्यांनी दहा वर्षे थांबायला सांगितले. उपकरणांची कपाटे जागेवर परत गेली आहेत, फक्त भिंतीपासून वीतभर पुढे. दगडी खांबांभोवतीचे सिमेंट विभागाने स्वतःहून काढून घेतले, आणि त्यांतल्या एकावर गॅल्व्हानोमीटर पुन्हा बसवला आहे. मनी प्लँटची कुंडी सध्या जिन्यात आहे.